कवळीकाकांची बांधाबांध

सायकलवरून तीन खिंडी ओलांडायच्या हे कवळीकाकांनी खरं तर ठरवलंच नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात काय बसेल आणि काय बोचेल याचा विचार करणाऱ्या माणसाला स्वतःच्या तोंडातून काय बाहेर पडतंय ते कळू नये, असं पुढे ते स्वतःच सांगायचे.

काका कवळ्या बनवत. चपलांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. तिथे मेणाचा वास, टेबलावर प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगा आणि सगळ्यावर पांढऱ्या भुकटीचा थर. एकदा इमारतीतल्या पोरांना त्यांनी कवळीची एक जोडी हातात धरून बोलती करून दाखवली होती, तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. वय बावन्न. घरापासून कामापर्यंतचा रस्ता सपाट, चार किलोमीटरांचा. तो ते सायकलने जात आणि पोचल्यावर पाच मिनिटं खुर्चीत बसून राहत.

एका रविवारी बायकोचा धाकटा भाऊ जेवायला आला होता. हा मेहुणा नऊ वर्षांनी लहान, वेतासारखा सडपातळ आणि नुकताच कुठल्याशा खिंडीतून सायकल घेऊन आलेला. जेवता जेवता तो मोबाइलवर फोटो दाखवत होता. काकांची मुलगी म्हणाली, "मामा, पुढच्या वेळी बाबांनाही घेऊन जा की."

मेहुणा हसला. त्या हसण्यात तसं वाईट काही नव्हतं. "न्यायला हरकत नाही," तो म्हणाला, "पण भाऊजींचा गुडघा..."

"गुडघ्याला काय झालंय?" काका म्हणाले. "पुढच्या उन्हाळ्यात जाऊ. तीन खिंडी, सहा दिवस. पाठीवर काही नाही, सगळं सामान सायकललाच बांधायचं."

हे सगळं त्यांनी फोटोखाली वाचलं होतं. बायको दिव्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तडा गेलाय का ते बघायला ती एखादा दिवा जसा उजेडासमोर धरते, तशी तिने नवऱ्यावर नजर रोखली आणि मग भांडी गोळा करायला लागली.

पुढचे पाच महिने काका तयारीला लागले. तयारी म्हणजे सायकल चालवणं असा साधा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. ते व्हिडिओ बघायला लागले. त्यात दाढीवाली तरुण मुलं सांगायची की डोंगरात प्रत्येक ग्रॅम मोजून न्यावा लागतो. हे काकांना एकदम पटलं. ग्रॅम हा त्यांच्या हातातला विषय होता, चढ नव्हता. पावडर मोजायचा कामावरचा नाजूक काटा त्यांनी घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडला. पायमोजे त्रेपन्न ग्रॅम. कंगवा अकरा ग्रॅम. आपल्या डोक्यावर राहिलेल्या केसांचा विचार करून त्यांनी कंगवा रद्द केला. दात घासायच्या ब्रशचा दांडा कवळीचे दात कापायच्या चकतीने निम्म्यावर कापला आणि कापलेली कड घासून अशी गुळगुळीत केली की ती दिवसभर ज्याला त्याला दाखवत सुटले. चमच्याला भोकं पाडली. चार ग्रॅम वाचले, पण पातळ काही त्या चमच्याने खाता येईना.

असं एकीकडे ग्रॅम वाचवणं चाललं होतं, आणि दुसरीकडे किलो आत शिरत होते. संध्याकाळी घरी येताना काकांना रोज नवी धास्ती सुचायची आणि धास्ती सुचली की तिच्यावरचा उपाय पिशवीत पडायचा. एक टॉर्च बंद पडली तर? म्हणून दुसरी. दोरी तुटली तर? म्हणून आणखी दोन दोऱ्या. पोट बिघडलं तर गोळ्या, पोट अजिबात हललं नाही तर वेगळ्या गोळ्या. जादा चष्मा, त्या चष्म्याचे जादा स्क्रू, घडीचं स्टूल, शिट्टी. कानटोप्या तर तीन. दारामागे लावलेली यादी आधी एका कागदाची होती. महिन्याभरात ती कडीखाली उतरली आणि मार्चमध्ये जमिनीला टेकली.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही परत येणार आहात ना?"

निघायला तीन आठवडे उरले तेव्हा एक रंगीत तालीम करायची ठरली. गावाबाहेर, छत्तीस किलोमीटरांवर, पाण्याच्या साठवण तलावाची टेकडी होती. शनिवारी तिथे जायचं, तंबू ठोकायचा, रविवारी परत यायचं. मेहुण्याला काम होतं, आणि खरं सांगायचं तर काकांना ते बरंच वाटलं.

शुक्रवारी त्यांनी बाहेरच्या खोलीतच सायकलला सगळ्या पिशव्या बांधल्या. हँडलला एक गुंडाळी, चौकटीत तिकोनी पिशवी, सीटमागे लांबलचक थैली, पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक बोचकं. लांब उभं राहून बघितलं तर एकदम व्हिडिओसारखं दिसत होतं. शनिवारी सकाळी लक्षात आलं की ही सायकल जिन्यातून खाली जात नाही. तिसऱ्या पायरीवर ती अशी अडकली की वर येईना आणि खाली जाईना. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर दूध आणायला निघाले होते, ते वर अडकले आणि पिशवी हातात धरून सभ्यपणे वाट बघत राहिले. शेवटी जिन्यातच सगळं सोडलं, चार खेपांत खाली नेलं आणि रस्त्यावर पुन्हा बांधलं. निघायला अकरा वाजले.

सपाटीवर ठीक चाललं होतं. चढ लागला तशी सीटमागची थैली डावी-उजवीकडे डोलायला लागली आणि तिच्यामागे काकाही डोलायला लागले. एक पट्टा सुटून मागच्या चाकात गुंतला आणि सायकल रस्त्याकडेच्या गवतात हळूच, अगदी विचार करून पडावी तशी पडली. काका उठले, पट्टा सोडवला आणि ढकलत निघाले. मागून बाजाराच्या दोन पिशव्या घेतलेली एक बाई चालत आली आणि त्यांना गाठून बरोबरीने चालू लागली.

"काय विकता?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मग एवढं कशाला वाहताय?"

काका पट्टा आवळायला वाकले. बाई थोडी थांबली, मग पुढे निघून गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

टेकडीवर पोचेपर्यंत पाच वाजले. काकांनी तंबू पसरला, खुंट्या ठोकल्या आणि काठ्या काढायला हात घातला. काठ्या नव्हत्या. दोन्ही टॉर्च होत्या, तीन दोऱ्या होत्या, चष्म्याचे स्क्रू होते. काठ्या घरी ओट्यावर, काट्याशेजारी होत्या. गुरुवारी वजन करायला त्यांनी त्या काढल्या होत्या, आणि वजन इतकं कमी भरलं की त्या खुशीतच ते उठून गेले. थोडा वेळ ते त्या जमिनीवर पडलेल्या तंबूशेजारी स्टूल उघडून बसले. स्टूल मात्र उपयोगी पडलं. मग भाजीचा एक टेम्पो गावाकडे निघाला होता, त्यात सायकल चढवून आठ वाजता ते घरी आले आणि हात-पाय धुऊन जेवले.

रविवारी सकाळी उठून बघतात तर बायकोने सगळं सामान बाहेरच्या खोलीत चादरीवर मांडलं होतं. एकोणीस वर्षं ती काचेचे दिवे खोक्यात भरत होती, आणि ते जहाजाने, ट्रकने कुठे कुठे जाऊन न फुटता पोचत होते. पाच महिन्यांत काकांनी दाढीवाल्या पंधरा मुलांचा सल्ला घेतला, पण तिला एक शब्द विचारला नव्हता. हे त्यांना त्या चादरीसमोर उभं राहिल्यावर कळलं, आणि कान गरम झाले.

"बसा," ती म्हणाली. "हे कधी काढणार?"

"कशातून?"

"दिवसभरात. सकाळी, चढावर, मुक्कामाला, कधी?"

एकेक वस्तू ती उचलायची आणि एवढाच प्रश्न विचारायची. मुक्कामाला लागणारं तळाशी. थंडी-पावसाचं वर, एका हाताने निघेल असं. जड ते मध्ये, चौकटीच्या पिशवीत. "जड वस्तू टोकाला ठेवलीत की ती हेलकावे देणारच," ती म्हणाली, "आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात." मोकळ्या जागेत तिने कानटोपी आणि पायमोजे ठासले. भरलेली पिशवी कानाशी धरून हलवली. आतून आवाज आला की उघडायची, पुन्हा भरायची. ज्या वस्तूला काका "लागलंच तर" म्हणत, ती चादरीच्या डाव्या बाजूला जाई. तासाभरात तिथे ढीग झाला. काटा तिने वापरलाच नाही. नंतर काकांनी हळूच वजन केलं, तर साडेअकरा किलो कमी भरलं.

डाव्या बाजूचा ढीग बघून ती म्हणाली, "अहो, एवढी कसली भीती वाटते तुम्हाला? थंडीची?"

"नाही."

"पडायची?"

"नाही गं." काका शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. "चढावर दम लागेल, आणि तुझ्या भावासमोर खाली उतरून ढकलावी लागेल."

तिने पिशवीचा पट्टा आवळला. "मग ढकला. त्यासाठी तीन टोप्या कशाला?"

राहिलेले तीन आठवडे काकांनी रोज सकाळी तलावाच्या रस्त्याच्या पहिल्या चढावर सायकल मारली. फार फरक पडला असं नाही. पण दम लागतो म्हणजे नेमकं काय होतं, एवढं समजलं.

मग जूनमध्ये काका आणि मेहुणा गेले. पहिल्या खिंडीचा चढ बावीस किलोमीटरांचा होता. नवव्या किलोमीटरला काका उतरले. मेहुणा पुढे गेला होता, दिसत नव्हता, ते एक बरं होतं. मान खाली घालून, मनातल्या मनात कारणं जुळवत ते ढकलत राहिले. गुडघ्याचं कारण वापरायचं नाही हे ठरलेलं होतं. गिअर अडकतोय असं म्हणावं. एका वळणानंतर बघतात तर पन्नास पावलांवर मेहुणाही ढकलत चाललेला. त्याने मागे वळून पाहिलं आणि दोघेही जागच्या जागी थांबले.

"गिअर जरा अडकतोय," मेहुणा म्हणाला.

काका इतके हसले की त्यांना सायकल आडवी टाकून खाली बसावं लागलं. मेहुण्याचे कान लाल झाले, मग तोही शेजारी येऊन बसला. त्याने कबूल केलं की मागच्या वेळची खिंड त्याने बरीचशी चालतच काढली होती. फोटो वर पोचल्यावर काढला होता.

दुसऱ्या खिंडीत त्याचं डोकं दुखायला लागलं. विरळ हवेत असं होतं, म्हणून दोघे खाली उतरले आणि रस्ता दुरुस्त करणाऱ्यांच्या पत्र्याच्या खोलीत एक अख्खा दिवस थांबले. तिथला म्हातारा मुकादम पाव पाण्यात बुडवून खात होता. त्याची कवळी खिशातल्या डबीत होती. खालच्या शहरात बनवून घेतलेली, पण एका जागी अशी बोचायची की दोन वर्षं ती डबीतच होती. काकांनी ती हातात घेतली आणि उजेडाकडे वळवून बघितली. उन्हापासून बचावाचं पांढरं मलम आतून लावलं, मुकादमाला घालून दात दाबायला सांगितलं आणि काढून बघितलं. मलम जिथे पुसलं गेलं होतं तिथेच उंचवटा होता. पंक्चरच्या डबीतल्या बारीक पॉलिशपेपरने त्यांनी तेवढाच भाग घासला, धुतला, पुन्हा मलम लावलं. असं चारदा केलं. पाचव्यांदा मुकादमाने कवळी घातली, ती काढलीच नाही. तो बाहेर जाऊन दगडावर बसला आणि सुका पाव बराच वेळ, कुणाकडे न बघता, चावत राहिला.

मेहुणा आत पडल्या पडल्या हे सगळं बघत होता. "भाऊजी," तो म्हणाला, "तुम्ही हे रोज करता?"

"रोज. पण समोर माणूस नसतो. नुसता जबडा येतो."

दुसऱ्या दिवशी मेहुणा ठणठणीत झाला, पण एक दिवस वाया गेला होता आणि रजा संपत आली होती. तिसरी खिंड सगळ्यांत उंच. पाच महिने काकांनी तिचाच फोटो कामाच्या टेबलासमोर लावला होता. मुकादमाने बटाट्यांचा एक ट्रक थांबवून दिला. सायकली पोत्यांवर आडव्या टाकल्या आणि दोघे त्यांच्या मध्ये बसले. काकांनी ठरवलं होतं की वर पोचलो की उभं राहून नीट बघायचं, ड्रायव्हरला दोन मिनिटं थांबायला सांगायचं. ऊन मऊ होतं, पोत्यांचा उबारा होता, आणि पहाटेपासून दोघे जागे होते.

जाग आली तेव्हा ट्रक उभा होता. खाली एक नदी होती, झाडं होती आणि ड्रायव्हर चाक तपासत होता.

"खिंड कधी येणार?" काकांनी विचारलं.

"दोन तास झाले," ड्रायव्हर म्हणाला. "वर थांबलो होतो. हाका मारल्या. तुम्ही दोघं घोरत होतात."