उतरलेली पापणी

मुलीच्या लग्नाआधी कपाळावरच्या आठ्या जाव्यात म्हणून मी रत्नागिरीतल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडून इंजेक्शनं घेतली. आठवड्याभरात कपाळ गुळगुळीत झालं, पण एके सकाळी डावी पापणी अर्ध्यावर उतरली. अर्धांगवायूच्या भीतीने मी नवऱ्यासोबत रिक्षाने दवाखाना गाठला.

बाईंनी मला हसायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले.

"घाबरू नका, हा झटका नाही. या औषधाने स्नायू सैल पडतात, ते थोडं पापणीपर्यंत पोचलंय. काही आठवड्यांत उघडेल."

"आणि आठ्या?"

"त्याही येतील परत, तीन-चार महिन्यांनी."

मला इतकं हायसं वाटलं की तिथेच रडू आलं. परतताना नवऱ्याने बाजारात बांगडे घेतले. घरी मी ते तळले आणि पोटभर जेवले. लग्नापर्यंत पापणी खरंच वर गेली.