ज्वारीवर ताणलेली गाण्याची फीत

सगळ्यात आधी आली शेजारची कमल. "मावशे, तुझ्याकडं रेडिओवाले आलेत!" मला लई आनंद झाला. आमचे हे तरुणपणी रेडिओच्या समूहगानात गायचे. वीस गळे अन् मागं मोठा वाद्यवृंद. त्या गाण्याची फीत पाहुण्यांना पाहिजे होती.

काय सांगू बायांनो, ती फीत मी कधीच देवगावच्या शेतात ज्वारीवर ताणली होती, पाखरं हाकलायला. ह्यांनाही आजच कळलं.

पाहुणी पोरगी हळूच म्हणाली, "आजी, ते गाणं दुसरीकडं कुठंच नाय हो."

हे म्हणाले, "चला, पाखरांनी तरी ऐकलं!" सगळे हसले. शरमेनं माझी मान वर होईना. तुम्हीच सांगा, ह्यांची माफी कोणत्या तोंडानं मागू?

मग पेटीच्या तळाशी फितीची एक चकरी सापडली. त्यावर तेच गाणं हाय का, ते मशीनवर लावल्याशिवाय कळायचं नाय. मशीन घेऊन शुक्रवारी येतो म्हणालेत.