बाहुली झोपली आहे

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये परवा आईबापांना मुलांशी खेळायला शिकवण्याचा वर्ग भरला. मी मागच्या खुर्चीवर, फुकटचा प्रेक्षक. शेजारचे देशपांडे वही घेऊन आले होते. त्यांची चार वर्षांची मनू त्यांना खेळात घेत नाही, हे त्यांचे दुःख. शिकवणाऱ्या बाईंनी नियम सांगितला: प्रश्न नाही, सूचना नाही, मूल जे करते ते फक्त बोलून दाखवायचे. देशपांड्यांनी तो लिहून घेतला आणि खाली रेघ मारली.

"तू बाहुलीला मांडीवर घेते आहेस," समोर बाहुलीशी खेळणाऱ्या मनूकडे पाहत ते सुरू झाले. "तू तिला थोपटते आहेस. तू तिला पांघरूण घालते आहेस." आवाज वार्षिक सभेत अहवाल वाचणाऱ्याचा.

पोरांजवळ नुसते बसायलाही आपल्याला शिकवणी लागते, आणि तिथेही आपण पहिल्या बाकावरच बसतो, असे माझ्या मनात आले.

मनू वैतागली. "बाबा, हळू ना! ती उठेल. तू हिला धर, मी दूध आणते."

देशपांड्यांनी वही खाली ठेवली आणि बाहुली दोन्ही हातांत घेतली. लांबून बाई खुणावू लागल्या, बोला, बोला. देशपांड्यांनी एक हात सोडवला आणि ओठांवर बोट ठेवून बाईंनाच गप्प केले.