सासूबाईंनी नाकारलेली गोळी

मैत्रिणींनो, नागपूरच्या दवाखान्यातून लिहून राहिले. आज सासूबाईंच्या पित्तनळीतला खडा दुर्बिणीने काढला. त्याआधी नर्सबाई म्हणाल्या, "स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून ही गोळी शौचाच्या जागेतून आत सरकवायची."

सासूबाई भडकल्या. "देवानं तोंड कायले देलं मंग?"

मी म्हटलं, "आई, लाज मोठी का जीव?"

"तूच घे आधी!"

शेवटी चादर डोक्यावर ओढून, रामराम म्हणत कुशीवर वळल्या आणि नर्सबाईंनी गोळी ठेवली.

आता विचारलं की "दुखत नाही" म्हणतात, पण हात पोटावरून हटत नाही. गोळीने धोका कमी होतो, संपत नाही, हे नर्सबाईंनी बजावलं होतं. म्हणून मी नर्सबाईंना बोलावून आले. त्यावरून रुसून सासूबाई माझ्याकडे पाठ करून निजल्या आहेत. मी जप करत बसले आहे, पण मन लागत नाही. तुमच्या घरचे मोठे दुखणं खरं सांगतात का हो?