जेवण झाल्यावरचा तास

रविवारी आमच्या गेवराईपासून तासाभरावरच्या पालीला नणंदेच्या नव्या घराची घरभरणी होती. सगळे साड्या-बिड्यांच्या गडबडीत, आणि माझ्या मनात सकाळपासून एकच... तिथं चारचौघांत जेवावं लागणार.

हसू नका. गेल्या दिवाळीपासून माझं असंच चाललंय. चार घास खाल्ले की पोटात आवळायला लागतं... आतून कुणीतरी ओला कपडा पिळावा तसं. पिळतं, सोडतं, पुन्हा पिळतं.

मग मी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून पंख्याकडे बघत पडून राहते. त्या तासात घरातले आवाज कुठून तरी लांबून येतात, कळ आणि गुंगी एकमेकांत मिसळतात... वाटतं, आपण इथं नाहीच आहोत.

सोनोग्राफी झाली, दुर्बिणीची तपासणी झाली, रक्त तर किती वेळा दिलं. सगळं नॉर्मल! रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे खूश होतात, आणि आपण उगाच खोटारडे ठरतो. दूध सोडून पाहिलं, तिखट सोडलं, डाळी सोडल्या... काही दिवस बरं, मग परत तेच.

हळूहळू मला जेवणाचीच भीती बसली. ताट समोर आलं की घास तोंडात जायच्या आधीच छातीत धडधडतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या यावर कधी काही बोलायच्या नाहीत. फक्त एकदा शेजारणीला सांगताना ऐकलं, "काय की बाई, डॉक्टर तर काई न्हाई म्हणतेत." तेवढंच... पण मी मनाशी पक्कं करून टाकलं की यांना हे माझे नखरे वाटतात.

तर पाली. नणंदेच्या गच्चीवरून धरणाचं पाणी दिसतं. दुपारच्या उन्हात ते नुसतं लखलखत होतं, आणि मी कठड्याला टेकून बघत बसले... पंगत उठेपर्यंत कुणाला माझी आठवणच होऊ नये, असं वाटत होतं. पण नणंद कसली सोडते! हाताला धरून खाली नेलं आणि आत्यांच्या शेजारी बसवलं.

आमच्या लिंगायत घरांत ताटात काही टाकत नाहीत. जेवण झालं की त्याच ताटात पाणी घालायचं, बोटांनी ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अन्न म्हणजे प्रसाद. म्हणून मी कुठंही गेले की आधीच ताटावर हात आडवा धरते.

पण वाढणारी नणंदेची जाऊ, भलती हौशी! आमच्याकडे "नको" म्हणजे "अजून वाढा" असंच धरतात. मी नको नको म्हणेपर्यंत ताटात दोन पुरणपोळ्या आणि वर तुपाची धार.

अर्धी पोळी कशीबशी गेली... आणि सुरू झालं. कपाळाला घाम फुटला. बांगड्या, बायकांचं हसणं, समोर बसलेले पूजेचे महाराज, सगळं धूसर झालं. दीड पोळी तशीच ताटात. नणंदेच्या नव्या घरातली पहिली पंगत, तिथं ताट टाकून उठू तरी कशी? डोळ्यांत पाणीच आलं हो.

तेवढ्यात माझं ताट सरकलं. आत्यांनी ते स्वतःपुढे ओढलं होतं. माझी उष्टी पोळी मोडून खायला लागल्या.

वाढणारी तिथंच थबकली. "अवो मामी, सुनंचं उष्टं?"

"लेकराचं खात न्हाईत का आपुन? तू वाढ तिकडं," आत्या म्हणाल्या. पोळी संपवली, माझ्या ताटात पाणी घातलं, धुतलं, प्यायल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कावून रडायलीस? जा, पड जरा."

आतल्या खोलीत जाऊन पडले. नव्या रंगाचा वास, खिडकीतून धरणाकडचं वारं... कळ येत होती, जात होती, आणि मी जागी आहे की झोपेत, कळत नव्हतं. दुखत होतंच. पण कितीतरी महिन्यांनी भीती वाटत नव्हती.

संध्याकाळी गेवराईला परत निघालो. गाडीत आत्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "कसं दुखतं गं? सांग बरं मला."

आजवर सगळ्यांनी रिपोर्ट काय आला तेच विचारलं होतं. मी सांगत सुटले... गेवराई आली तरी माझं संपेना. आत्या नुसतं "हं... हं" करत ऐकत होत्या.

पोट अजून दुखतं. पुढच्या आठवड्यात संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय. आत्या म्हणाल्या, "मी येते संगं. तुला सांगता न्हाई आलं तर मी सांगन."

आत्यांना मोबाईलवर फक्त फोन उचलता येतो, त्या काही हे वाचणार नाहीत. म्हणून इथं लिहिते... आत्या, तुमच्या शेजारी मला परत जेवायला बसावंसं वाटतंय.