पाचवी क्लिप

निम्मे कपडे पिळून दोरीवर गेले होते, निम्मे अजून साबणाच्या पाण्यात होते, तेव्हा मिस्त्रींच्या कालच्या सदऱ्याच्या खिशात काकूंच्या बोटाला काहीतरी टोचलं. काढून पाहिलं तर क्लिप. स्टीलच्या तारेची, करंगळीएवढी, विमानाच्या पंखाची.

मिस्त्री म्हणजे काकूंचे यजमान. लोकांची दारं-खिडक्या बसवण्यात हयात गेली. काम सोडल्यावर माणसं बागेत रमतात. ह्यांनी गॅरेजमध्ये एका माणसापुरतं विमान बांधायला घेतलं. सहा वर्षं लागली. गॅरेज अरुंद, म्हणून पंख काढता-घालता येतील असे केले. उडून झालं की पंख उतरवायचे, ट्रेलरवर घालून घरी आणायचे आणि बोळातल्या भिंतीला टेकवून ठेवायचे. मिस्त्री छत्रीसारखं विमान मिटवतात, असं शेजारी म्हणत. काकूंनी एकदा त्या पंखावर ओले टॉवेल वाळत घातले होते, तर दोन दिवस अबोला होता.

प्रत्येक पंखाच्या बुडाशी दोन जाड पिना, आणि पिन निसटू नये म्हणून तिच्या भोकात एक क्लिप. मिस्त्रींचा नियम असा, की ज्याने क्लिप घातली त्याने ती तपासायची नाही. म्हणून ते घालत आणि काकू तपासत. एकेका क्लिपेला बोट लावायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. चार क्लिपा, चार नावं. आज मात्र धुणं साठलं म्हणून त्या मैदानावर गेल्या नव्हत्या.

मग ही कुठली? जादाची, की चारांतलीच? काकूंनी मिस्त्रींना फोन लावला, तर त्यांचा फोन घरातच टेबलावर वाजला. ओले हात पदराला पुसत त्यांनी चौकातून टॅक्सी केली. वाटेत देवाला सांगायला गेल्या की ह्यांना जरा थांबव, पण नाव घेतलं की आपोआप मोजणीच सुरू होई, आणि चारवर येऊन अडे.

मैदानावर पंख चढवून विमान उभं होतं. मिस्त्री आत बसून पट्टा आवळत होते. बाजूला त्यांना विमान उडवायला शिकवणारे दाढीवाले चहा पीत उभे.

काकूंनी मूठ उघडून दाखवली. मिस्त्री दाढीवाल्यांकडे बोट दाखवत म्हणाले, चारही जागेवर आहेत, ह्यांनी तपासल्यात. काकूंचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः बोट लावून पाहिलं. एक, दोन, तीन, चार. चारही होत्या. आणि मुठीत पाचवी.

“वहिनी, क्लिपेला पिल्लू झालं म्हणायचं,” दाढीवाले म्हणाले.

मिस्त्रीही हसले, आणि हसता हसता थांबले. पट्टा सोडून उतरले आणि विमानाच्या मागे गेले.

शेपटीची आडवी फळीही पंखांसारखीच काढता-घालता येणारी होती. तिला एकच पिन, एकच क्लिप. ती मिस्त्री घरीच एकटे बसवून आणत, म्हणून काकूंच्या मोजणीत ती कधी आलीच नव्हती. आता त्या पिनेचं भोक रिकामं होतं, आणि पिन अर्धी बाहेर सरकलेली.

सकाळी पंखाला एक क्लिप कमी पडली, ती कालच्या सदऱ्यात राहिलेली, तेव्हा मिस्त्रींनी घटकाभर म्हणून शेपटीची काढून तिथे घातली. शेपटीला तार गुंडाळणार होते. तेवढ्यात चहा आला. दाढीवाल्यांनी पंखाच्या चार मोजल्या आणि ठीक म्हणाले.

“तार गुंडाळली असंच वाटत होतं मला,” मिस्त्री खाली बसत म्हणाले. “आत्ता तू येईपर्यंत.”

काकूंना रडावं की रागवावं कळेना. देवाचे आभार मानावेत तर कशाबद्दल, हेही सुधरेना. धुणं टाकून त्या सकाळीच इथे आल्या असत्या, तर?

“अहो, मी असते तरी चारच मोजल्या असत्या,” त्या म्हणाल्या. “चार नावं घेऊन तुम्हाला वर पाठवलं असतं.”

दाढीवाल्यांनी उरलेला चहा गवतात ओतला. आज उडायचं नाही, एवढं मिस्त्रींनीच ठरवलं आणि पंख उतरवायला घेतले. एका पंखाचं टोक काकूंनी धरलं. मग त्यांनी शेपटीची पिन नीट दाखवायला लावली, दोनदा, आणि तरी पुरतं उमगलं की नाही, ते त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

परत जाताना त्यांना शिवणसामानाच्या दुकानातून अर्धा मीटर लाल फीत घ्यायची होती, शेपटीच्या क्लिपेला बांधायला.