कॉम्प्युटरने ठेवलेलं नाव

भिवंडीत आमचं टायपिंगचं ऑफिस होतं. तिथले किस्से मी मुद्दाम कधी साठवले नाहीत. ते आपोआपच साठले, आमच्या BAK फाइलींसारखे!

म्हणजे काय, तर त्या काळी फाइल सेव्ह केली की कॉम्प्युटर आधीची प्रत फेकायचा नाही. त्याच नावाला BAK असं शेपूट लावून बाजूला ठेवायचा. पुन्हा सेव्ह केलं की ती जायची आणि तिच्या जागी नंतरची यायची. एकच पायरी मागे, बस!

*

मालक अन्सारीभाईंनी पहिल्यांदा स्क्रीनवर फाइलींची नावं पाहिली आणि खूश झाले. "ये बी-ए-के कौन पार्टी है भाई? आधा काम तो इसी का है! बुलाओ, चाय पिलाओ!"

*

खारबावच्या एका पुढाऱ्याचं सरपंचांशी बिनसलं. त्याने आमच्याकडे टाइप केलेल्या भाषणातून त्यांची स्तुती काढायला लावली. घाईत आम्ही BAK चीच प्रिंट दिली! त्याने भर सभेत ती वाचली आणि सरपंच उठून गळ्यात पडले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे आले. आम्ही गुपचूप खाल्ले.

*

सुनंदा आमची ऑपरेटर, शेलार गावची. स्वतःच्या लग्नाची पत्रिका तिनेच टाइप केली. तिच्या वडिलांनी, आबांनी, ती वाचली आणि तिच्या भावाच्या नावावर बोट ठेवलं. त्याने घरी न विचारता लग्न केलं होतं. तेव्हापासून येणंजाणं बंद.

"ह्यो न्हाय पायजे."

तिने नाव काढलं, सेव्ह केलं. मला फार वाईट वाटलं.

नंतर पत्रिकेत हॉलचा पत्ता चुकलेला दिसला. तो तिने प्रिंटवर पेनाने दुरुस्त केला, फाइलला हात लावला नाही, कोणाला लावूही दिला नाही. पुन्हा सेव्ह झालं असतं, तर भावाचं नाव असलेली प्रत गेली असती!

"अगं, मग दुसऱ्या नावाने कॉपी करून ठेव ना!" मी म्हटलं.

"तसं केलं तर आबांचा शब्द मी मोडला असं होईल. हे मी नाही ठेवलेलं. कॉम्प्युटरने ठेवलंय."

पत्रिका छापायला द्यायच्या दिवशी आबा आले. समोरचा चहा गार झाला.

"सुनंदे, त्यो पहिला मजकूर... पुसला का गं?"

"न्हाय आबा. हाय."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग त्योच छाप."

सुनंदा कीबोर्डकडे वळली.

"आन्... सुनंचं नाव काय गं?"